खोक्यावर न छापलेली तारीख

गेल्या गणेशोत्सवात दांडिया बाजारातल्या एका मंडळाने कॉलेजच्या मुलांसाठी वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय होता, 'स्वस्त स्मार्टफोन: सोय की फसवणूक?' तीन परीक्षकांतली मी एक. मुलं तयारीची होती, आवाज खणखणीत, आणि बडोद्यात वाढलेली असल्याने दोन भाषांतल्या म्हणी हाताशी. बाजूने बोलणाऱ्या मुलाने 'सस्तु भाडुं ने सिद्धपुरनी जात्रा' म्हणून टाळ्या घेतल्या. बारा हजारांत यूपीआय होतं, व्हॉट्सॲप होतं, नोट्स वाचता येतात, मग चाळीस हजार घालायचे ते फक्त मिरवायला, असा त्याचा मुद्दा. विरुद्ध बाजूच्या मुलीने 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' काढून तितक्याच टाळ्या घेतल्या. दोन वर्षांत हँग होणारा फोन घेऊन दुरुस्तीवर पैसे ओतण्यापेक्षा हप्त्यांवर का होईना, चांगला घ्या, असं तिचं म्हणणं. गुण द्यायला कागद पुढे ओढला आणि मी अडकले. दोघंही छान बोलली होती आणि दोघंही भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होती.

फोन चांगला की वाईट हे दुकानाच्या काउंटरवरच ठरतं, असं दोघांनीही गृहीत धरलं होतं. मला ते मान्य नाही. स्वस्त फोनची खरी किंमत तो घरी आणल्यावर ठरते, आणि त्या फोनवर हुकूम कुणाचा चालतो यावर ठरते. आत कुठली ॲप राहतील, कुठली जातील, अपडेट किती वर्षं येतील, बॅटरी बदलून मिळेल का, कंपनीने हात झटकल्यावर पुढे काय, यातलं बरंचसं मालकाच्या हाती असेल तर बारा हजारांचा फोन सोय आहे. नसेल तर फसवणूक आहे. आणि तसं पाहिलं तर चाळीस हजारांचाही फसवणूकच, फक्त जरा सावकाश होणारी.

निवडीबद्दल आधी थोडं, कारण तिथेही लोक भलतेच आकडे वाचतात. रावपुऱ्यात मरीमाताच्या खांच्यात, म्हणजे आमच्या मोबाइलवाल्यांच्या गल्लीत, कुठल्याही दुकानात उभे राहा. फोनच्या पाठीवर स्टिकर असतो, '८ जीबी रॅम'. बारीक अक्षरांत त्याची फोड असते, चार अधिक चार. त्यातले चारच खरे. उरलेले चार म्हणजे स्टोरेजचा एक कोपरा रॅमच्या नावाने उसना घेतलेला. पाठीवर कॅमेऱ्याची तीन वर्तुळं असतात, त्यातलं कामाचं बहुधा एकच. '५० मेगापिक्सेल'चा फोटो एरवी चार-चार ठिपके एकत्र करून साडेबाराचाच निघतो. आणि जे खरोखर विचारायला हवं ते स्टिकरवर नसतंच. स्टोरेज सावकाश चालणारं ईएमएमसी की वेगवान यूएफएस? स्वस्त फोन दोन वर्षांनी रखडतो त्यात प्रोसेसरइतकाच दोष या सावकाश चालणाऱ्या आणि गच्च भरलेल्या स्टोरेजचा असतो. कौटुंबिक ग्रुपवरच्या 'शुभ सकाळ'च्या फुलांनी भरलेला फोन हँग होतो, तेव्हा आपण शिव्या कंपनीला घालतो. (निम्म्या शिव्या मामेसासऱ्यांना जायला हव्यात.)

माझा फोन २०२१ च्या दिवाळीतला, साडेअकरा हजारांचा. मी काही तंत्रज्ञ नाही, शाळेत भूगोल शिकवते. पण पहिल्याच रविवारी भाच्याला बसवून मी त्या फोनची साफसफाई केली. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, हे त्या दिवशी कळलं. खिडक्या उघडण्या-मिटण्याची चलचित्रं तिथे निम्म्या वेळेवर आणली, तर फोन नव्या जोमाने चालल्यासारखा वाटला. तो वेगवान झाला नव्हता, त्याचा फक्त नखरा कमी झाला होता. मग लॅपटॉपला जोडून, तिथून फोनला हुकूम देणाऱ्या एडीबी या साधनाने सतरा ॲप घालवली: तीन गेम, दोन दुकानं, एक बातम्यांचं, एक दुसरा ब्राउझर, आणि ज्यांचं काम आजतागायत कळलेलं नाही अशी काही. काढली म्हणायचं इतकंच. ती माझ्या खात्यापुरती गेली, मूळ सिस्टिममध्ये अजून आहेतच. फोन रीसेट केला तर पुन्हा हजर. भाडेकरू मी आहे की ती?

कस्टमायझेशन म्हटलं की रंगीबेरंगी थीम डोळ्यांपुढे येतात, म्हणून एक साधं उदाहरण देते. सासूबाईंना आम्ही फोन दिला तेव्हा त्यात इंग्रजी, गुजराती आणि हिंदी कीबोर्ड चालू होते. मराठी लिहायला त्या हिंदी वापरायच्या आणि त्यात त्यांना 'ळ' सापडेना. महिनाभर आम्हाला 'आल्यावर कलव' आणि 'येताना केली आण' असे निरोप येत होते. मराठी कीबोर्ड घातला, अक्षरं मोठी केली, पहिल्या पानावर फक्त सहा चित्रं ठेवली. खर्च शून्य. त्या दिवसापासून तो फोन त्यांचा झाला. सेव-उसळीच्या गाडीवर तर्री वेगळी देतात, कारण तिखट किती हे खाणाऱ्याने ठरवायचं असतं. फोनच्या बाबतीत एवढी साधी समज आपण का सोडून दिली?

आता माझ्या म्हणण्यावरचा पहिला वजनदार आक्षेप. स्वस्त फोन स्वस्त असतो तोच मुळी आत भरलेल्या जाहिराती आणि ॲपमुळे. ते काढा, किंमत वाढेल, आणि वाढलेली किंमत मोलकरणीच्या मुलीला परवडणार नाही. हे खरं आहे. शाओमीने २०१८ साली जाहीर केलं होतं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही, म्हणजे बाकीची कमाई इंटरनेट सेवांमधून. यात लपवाछपवी नाही, उघड धंदा आहे. आणि ज्याला नऊ हजारच जमतात त्याला 'शुद्ध' फोनचा उपदेश करणं पोटभरल्याचं काम आहे.

पण मग तो सौदा सौद्यासारखा मांडा. अमेरिकेत ॲमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र दोन भावांत विकलं, जाहिरातींसह थोडं स्वस्त आणि जाहिरातींविना थोडं महाग. पैसे भरून नंतरही जाहिराती बंद करता येत. घेणाऱ्याला कळत होतं की आपण काय देऊन काय वाचवतोय. आपल्याकडे खोक्यावर फक्त रुपये छापलेले असतात. माझं लक्ष, माझी माहिती आणि माझ्या स्टोरेजचा कोपरा यांची किंमत छापलेली नसते. वर्तमानपत्रही जाहिरातींमुळेच स्वस्त मिळतं, असं मंडळातल्या एका काकांनी मला ऐकवलं. मिळतं. पण काका, वर्तमानपत्र तुम्ही वाचता, ते तुम्हाला वाचत नाही.

या बाबतीत आपला राग कसा ठिकाणावर नसतो, याचा नमुना अलीकडेच दिसला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना आदेश दिला की नव्या प्रत्येक फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच घालून द्या. देशभर गहजब झाला आणि ३ डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली. गहजब योग्यच होता, मीही केला. पण एका सरकारी ॲपवर तुटून पडलेले आपण त्याच फोनमधल्या वीस-पंचवीस खासगी ॲपबद्दल इतकी वर्षं गप्प का? ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्याची चर्चा झाली ती आकड्यामुळे. त्याच आदेशात, आधीच घातलेली गूगलची ॲप वापरणाऱ्याला काढता आली पाहिजेत, असाही एक निर्देश होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण तो निर्देश रद्द केला. तुमच्या-माझ्या फोनशी थेट संबंध होता तो त्याच ओळीचा. तिच्यासाठी कुठल्या चौकात कोण बोललं?

दुसरा आक्षेप टिकण्याबद्दलचा. महागडा फोन सात वर्षं चालतो, म्हणून वर्षाच्या हिशेबात तोच स्वस्त, असं त्या मुलीने फळ्यावर मांडल्यासारखं सांगितलं. मी माझाच हिशेब केला. साडेअकरा हजार अधिक नव्या बॅटरीचे अकराशे, भागिले साडेचार वर्षं: वर्षाला २,८०० रुपये. तिच्या पंचेचाळीस हजारांचे सात वर्षांत वर्षाला सुमारे ६,४०० होतात, आणि मध्ये एकदा डिस्प्ले फुटला तर काय होतं ते विचारू नका. तरी तिच्या बोलण्यात खरा अंश होता. गूगलने २०२३ साली आणि सॅमसंगने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या वरच्या फोनांना सात वर्षं अपडेटचं वचन दिलं. माझ्या फोनचे सुरक्षा अपडेट तीन वर्षांत संपले. मात्र यावरून 'स्वस्त फोनला जास्त वर्षं अपडेट परवडतच नाहीत' असा निष्कर्ष काढायचा, तर २०२४ च्या अखेरीस वीस हजारांच्या आत आलेल्या गॅलॅक्सी ए१६ फाइव्ह-जीला सॅमसंगने सहा वर्षं कशी देऊ केली? त्याही आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, गूगलने 'अँड्रॉइड वन' ही योजना भारतातूनच सुरू केली होती. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे फोन, ६,३९९ रुपयांपासून, दोन वर्षं थेट गूगलकडून अपडेट. ती आपल्याकडे फारशी चालली नाही, हे कबूल. सुरुवातीला फक्त ऑनलाइन विक्री, त्यामुळे दुकानदार नाराज, आणि तिन्ही फोन इतके सारखे की कंपन्यांना वेगळेपण दाखवायला जागाच उरली नाही. पण ती आपटली म्हणून मूळ कल्पना खोटी ठरत नाही.

बडोद्याचा मराठी माणूस तिसऱ्या परिच्छेदात सयाजीरावांना आणतोच. मी स्वतःला बरंच आवरलं, आणि आधी आणते त्यांच्या आधीच्या काळातले महाराज खंडेराव गायकवाड यांना. १८६२ साली त्यांच्या राज्यात डभोई ते मियागाम अशी सुमारे ३२ किलोमीटरची अडीच फुटी रेल्वे टाकली गेली, भारतातली पहिली अरुंद रुळांची लाइन. का अरुंद? कारण स्वस्त. रूळ इतके हलके की इंजिनाचं वजन पेलेना, म्हणून डब्यांना बैल जुंपले. आजच्या भाषेत अगदी 'बजेट' रेल्वे, आणि त्या काळी कुणीतरी नक्की हसलं असणार. पण रूळ राज्याचे होते. १८७३ साली ते काढून जड रूळ टाकले, पुढे त्यावर इंजिनं धावली, फाटे फुटत गेले आणि डभोई हे अरुंद रुळांचं मोठं जंक्शन झालं. रूळ टाकणाऱ्या कंपनीने 'आम्ही या मॉडेलला तीन वर्षंच मदत देतो, यावर इंजिन घालायला मनाई आहे, हवी तर नवी रेल्वे घ्या' असं बजावलं असतं, तर? स्वस्तात सुरुवात करण्यात कमीपणा नाही. वाट आहे तिथेच थांबवून ठेवणारं कुलूप दुसऱ्याच्या हातात असणं, हा कमीपणा आहे.

फोनमध्ये ते कुलूप बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, असतं. ते उघडलं तर जुन्या फोनवर नवी सिस्टिम घालता येते. सायनोजेनमॉड हा अशी सिस्टिम बनवणारा हौशी प्रोग्रामरांचा प्रकल्प २०१६ च्या अखेरीस बंद पडला आणि त्याच्या राखेतून लिनिएजओएस उभा राहिला. सासऱ्यांच्या २०१८ च्या फोनवर भाच्याने तोच घातला. कंपनीकडे अर्ज, मग आठवडाभर थांबा, मग सगळा डेटा पुसला जाईल अशी सूचना, असं करत कुलूप उघडलं. आज काही कंपन्या ही वाटही बुजवत चालल्या आहेत.

इथे तिसरा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेप येतो: सुरक्षितता. घराचं कुलूप काढून ठेवायला सांगता, आणि इथे लोक लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप घालणारी फाइल, उघडून बँक खातं रिकामं करून बसताहेत! हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. बूटलोडर उघडा असलेला फोन चोराच्या हाती लागला तर धोका वाढतो, बँकांची ॲप अशा फोनवर बहुधा चालायला नकार देतात, आणि लिनिएजओएसने वरची सिस्टिम ताजी झाली तरी चिपच्या पोटातलं, तिला चालवणारं फर्मवेअर जुनंच राहतं. तिथे हौशी माणसाचा हात पोचत नाही. म्हणून माझ्या रोजच्या फोनचं कुलूप मी उघडलेलं नाही, आणि शेजाऱ्यांनाही 'उघडा' असं सांगणार नाही.

पण जरा बारकाईने पाहा. ती लग्नपत्रिकेची फाइल पूर्ण कुलूपबंद फोनवरच चालते. तिला बूटलोडरशी देणंघेणं नाही, तिला हवी असते एसएमएस वाचायची परवानगी, आणि ती आपण गडबडीत देऊन टाकतो. दुसरं, आमच्या एकाच घरातले दोन फोन समोरासमोर ठेवते. माझा फोन कुलूपबंद आहे, २०२४ नंतर त्याला एकही सुरक्षा अपडेट नाही, आणि बँकेचं ॲप त्यावर बिनतक्रार उघडतं. सासऱ्यांचा फोन आठ वर्षांचा, त्याच्या सिस्टिमला गेल्या महिन्याचा सुरक्षा पॅच, आणि तेच ॲप त्याला दारातून हाकलतं. बँकेच्या ॲपच्या या तपासणीत नेमकं काय तपासलं जातं? फोन सुरक्षित आहे का, की फोन अजून कंपनीच्या ताब्यात आहे का? मागणी 'कुलूप काढा' अशी नाहीच. कुलूप राहू द्या, किल्ली घरमालकाला द्या, आणि बिल्डरने चौकीदार काढून घेतल्यावर तरी ती नाकारू नका.

उरला तो नेहमीचा टोमणा, की सामान्य माणसाला यात काडीचा रस नाही, हे हौशी पोरांचं खूळ. सयाजीराव आता येतात. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करताना 'कुणब्याच्या पोराला शिकून काय करायचंय' हे त्यांनीही ऐकलंच असणार. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचं जाळं विणलं, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरल्या. मागणी आधी होती म्हणून पेट्या गेल्या, की पेट्या गेल्या म्हणून मागणी झाली? इतकं मागे जायचं नसेल तर स्वयंपाकघरातला फ्रिज बघा. २००६ साली ऊर्जा दक्षता ब्युरोने तारे लावायला सुरुवात केली. त्याआधी दुकानात जाऊन 'हा फ्रिज वर्षाला किती युनिट खातो' असं कोण विचारत होतं? आज वीजबिलावरून भांडणारी प्रत्येक गृहिणी आधी तारे मोजते. रस नव्हता असं नाही. विचारायला आकडाच नव्हता.

तो आकडा फोनवर छापा, एवढंच मागणं आहे, आणि ते काही चंद्र आणून द्या असं नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच आहे: शेवटचा नग विकल्यानंतर किमान पाच वर्षं सिस्टिमचे अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि खोक्यासोबत दुरुस्तीची श्रेणी सांगणारं लेबल. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्ती निर्देशांकासाठी २०२४ साली समिती नेमली, २०२५ मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्यात सुट्या भागांबरोबर सॉफ्टवेअर अपडेटही मोजायला घेतले आहेत. उत्तम. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढची: अपडेट संपण्याची तारीख खोक्यावर, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, आणि त्या तारखेनंतर बूटलोडरची किल्ली मालकाला, अर्ज-विनंत्या न करता. बिस्किटाच्या पुड्यावर छापतो तेवढी तरी तारीख दहा-बारा हजारांच्या वस्तूवर का नको? याने फोन महागेल, असं म्हणणाऱ्यांनी शाई केवढ्याला पडते ते सांगावं.

स्पर्धेत मी शेवटी दोघांना सारखे गुण दिले. त्यावर दोन्ही बाजू नाराज झाल्या.

गेल्या आठवड्यात नणंदेसाठी फोन बघायला खांच्यात गेले होते. दुकानदार ओळखीचे, समजूतदार गृहस्थ. त्यांनी तीन खोकी काढून मांडली आणि कॅमेरे सांगायला लागले. मी विचारलं, "याला अपडेट कधीपर्यंत?" त्यांनी एक खोकं उचललं, समोरून पाहिलं, मागून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवून चारही कडा फिरवल्या, शेवटी उलटं करून तळही पाहिला. मग हेल्परला हाक मारून तेच खोकं त्याच्या हातात दिलं. "बेन पूछे छे, आमां तारीख क्यां लखेली छे?"